लामाजी गाडीतून उतरले

ठाण्यात आमच्या कोपरीच्या विहारात रविवारची वंदना झाली की मंडळी थोडा वेळ बसतात. चहा होतो, मग कुणीतरी आपला अनुभव सांगायला लागतं. कुणाचं जुनं दुखणं बरं झालेलं असतं, कुणाचं अडलेलं काम अचानक मार्गी लागलेलं असतं. अशा वेळी मी हळूच उठून चपला शोधायला लागायचो. मला ते पटायचं नाही. आपला धम्म चमत्काराचा नाही, डोळे उघडे ठेवून चालण्याचा आहे, असं मी मानत आलो आणि आजही मानतो. त्यामुळे हे लिहायला बसताना मीच अडखळलो. जे घडलं त्याला काय म्हणायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमची ही म्हणते, "नाव नका देऊ त्याला. जसं झालं तसं लिहा." म्हणून तसंच लिहितो.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. खोपट डेपोत माझी सगळी नोकरी गेली. माळशेज घाट, कशेडी, वरंधा, पावसात, धुक्यात, सगळीकडे गाडी घातली आणि सुखरूप आणली. मागे बसलेली माणसं निवांत झोपतात ती आपल्या हातावर विसंबून, ही गोष्ट ड्रायव्हरच्या अंगात मुरते. मग घरी आला तरी तो सगळ्यांचा ड्रायव्हरच असतो. मुलीचं लग्न असो की विहाराचा पत्रा बदलायचा असो, सूत्रं आपल्या हातात असली की मला बरं वाटायचं. त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कामंही नीट व्हायची.

सुनंदा, म्हणजे आमची ही, वेगळ्या घडणीची. तिचं माहेर मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. ती स्वतः अंगणवाडीत होती आणि माझ्या आधी वर्षभर निवृत्त झाली. बोलणं कमी. सकाळी उठली की ती भिंतीला पाठ लावून आनापान करते. आनापान म्हणजे दुसरं काही नाही. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नुसता बघत राहायचा. ओढायचा नाही, रोखायचा नाही. मी तिच्या शेजारी पेपर वाचत बसायचो. एकदा मी गमतीने म्हणालो, "श्वास काय बघायचा? तो काय पळून जाणार आहे?" त्यावर ती फक्त हसली होती.

तिची एकच हौस होती. लडाखमध्ये एका उंच तलावाकाठी जुना गोम्पा आहे, म्हणजे तिकडचा बौद्ध मठ. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब तिथे जाऊन आलेलं. पहाटे तिथे मोठे शंख वाजतात, भिक्खू एका सुरात पठण करतात, आणि भाषा कळत नसली तरी बुद्धाचं नाव आलं की कळतं, असं त्यांनी सांगितलेलं. तेव्हापासून तिच्या मनात ते होतं. "आपण इथे पत्र्याखाली म्हणतो तेच तिथे बर्फाखाली म्हणतात. एकदा ऐकायचंय," असं ती म्हणायची. मग ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या काही उपासक मंडळींची सहल ठरली. मोरे सर म्हणून निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी सगळं जुळवलं, आणि आम्ही दोघांनी नाव दिलं.

निघायच्या आधी आमची प्रज्ञा डोंबिवलीहून मुद्दाम आली. मुलगी आहे, काळजी करणारच. तिने दोघांच्या तपासण्या करून घेतल्या, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या आणल्या आणि मला समोर बसवून म्हणाली, "बाबा, तिकडे हवा विरळ असते. वर गेल्यावर आधी पडून राहायचं. कुणाच्या सामानाला हात लावायला जाऊ नका. आणि आईला काही झालं तर ती सांगणार नाही, तुम्हीच लक्ष ठेवा."

"अगं, घाटात आयुष्य गेलं माझं," मी म्हणालो.

"आपले घाट तिथल्या नदीच्या पात्राएवढे पण उंच नाहीत, बाबा."

ते तेव्हा मला अतिशयोक्ती वाटलेलं. ते अक्षरशः खरं आहे हे लेहला विमानातून उतरल्यावर कळलं. समुद्राच्या खाडीकाठी राहणारी आम्ही माणसं, सकाळी मुंबईत होतो आणि दुपारच्या आत साडेतीन हजार मीटरवर. विमानतळावरून बाहेर पडताना पाय आपले, पण कुणीतरी मागून धरल्यासारखे. हॉटेलचा एक जिना चढलो आणि पलंगावर बसून राहिलो. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटायचं, कारण पुढच्या शब्दाला हवाच शिल्लक नसायची. डोकं ठणकत होतं. सांगितल्याप्रमाणे आम्ही दोन दिवस पडून राहिलो, भरपूर पाणी प्यायलो. पण झोप मात्र हाताला लागेना. डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी हाक मारल्यासारखी जाग यायची. सुनंदा एरवी उशीला डोकं टेकताच झोपणारी. तीही कूस बदलत होती.

तिसऱ्या दिवशी टेम्पो ट्रॅव्हलरने तलावाकडे निघालो. ते गाव लेहपेक्षाही हजारभर मीटर उंच. आता कळतं, एवढी चढण एका दिवसात करायला नको होती, मध्ये कुठेतरी मुक्काम हवा होता. पण तेव्हा सगळे बरे दिसत होते. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्यांना ते आवडणार नाही. निळा तलाव, पलीकडे बर्फाचे डोंगर, मातीची पांढरी घरं आणि टेकाडावर गोम्पा. सुनंदा गाडीतून उतरली आणि नुसती उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं वाऱ्याने असेल. मी विचारलं नाही.

आम्ही दोघं एका बाईंच्या घरी उतरलो होतो. तिच्या घरचे लोक शेळ्या घेऊन वरच्या कुरणांवर गेलेले, ती एकटीच होती. बाकीची मंडळी शेजारच्या दोन घरांत. त्या रात्री जे पाहिलं ते मी विसरणार नाही. सुनंदा झोपली होती. तिचा श्वास चालला होता, आधी हलका, मग खोल, आणखी खोल, मग पुन्हा हलका होत होत एकदम थांबला. छाती हलेना. मी उठून बसलो. तिला हात लावणार तेवढ्यात तिने दचकल्यासारखा मोठा श्वास घेतला आणि पुन्हा चक्र सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा थांबला. इंजिन बंद पडतंय आणि उतारावर आपोआप सुरू होतंय, तसं. मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसून राहिलो. प्रत्येक वेळी ती शांतता एवढी लांबायची की माझाच श्वास अडकायचा. श्वास पळून जात नाही असं मी ज्या तोऱ्यात म्हणालो होतो, तो तोरा त्या खोलीत पार उतरला. मी आयुष्यात पहिल्यांदा आनापान केलं म्हणा, पण दुसऱ्याच्या श्वासाचं.

सकाळी ती उठली आणि म्हणाली, "झोप काही चांगली नाही झाली, पण बरी आहे मी." मी रात्रीचं सांगितलं. मोरे सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "अहो, माझी मिसेस पण म्हणत होती, मीही तसाच थांबत थांबत झोपतोय. उंचीवर होतं असं." ते खरंच होतं. आमच्यातले निम्मे लोक तसेच झोपले होते. मला धीर आला. आणि त्या धीरात एक गोष्ट सुटली. सुनंदाला बारीक खोकला लागलेला. कोरडी हवा, धूळ, असं समजून मी सोडून दिलं.

त्या दिवशी गोम्पात पठण ऐकलं. अंधाऱ्या दालनात दिव्यांचा उजेड, लोण्याचा वास, आणि पोटातून येणारा तो खर्ज. सुनंदा डोळे मिटून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "झालं माझं." एवढंच. परत येताना उतारावर ती दोनदा बसली. उतारावर माणूस दमत नाही, हे एवढा ड्रायव्हर असून माझ्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी जेवली नाही, आणि रात्रभर उशा मागे लावून बसूनच राहिली.

दुसऱ्या दिवशी मंडळी पलीकडच्या खोऱ्यातला एक जुना स्तूप पाहायला निघाली. संध्याकाळपर्यंत परतणार होती. सुनंदा म्हणाली, "सगळ्यांचा खोळंबा नको. मी पडून राहते." मोरे सर थांबू का म्हणत होते. मीच म्हणालो, "तुम्ही निघा सर, मी आहे ना." मी आहे ना, हे वाक्य मी नोकरीत आणि घरात किती वेळा म्हटलं असेल. गाडी गेली. ऊन वर आलं तशी सुनंदाची अवस्था खालावत गेली. बसल्या जागी तिला धाप लागली होती. खोकल्याबरोबर गुलाबी फेस आला. मी तिच्या पाठीला कान लावला तर आत पाणी उकळल्यासारखा बुडबुड आवाज. ओठ जांभळे पडलेले, नखं पण. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, पुरत नाहीये."

आमच्याजवळ ऑक्सिजनचा छोटा डबा होता, हातात मावेल एवढा. तो थोड्या वेळात संपला. फोनला रेंज नव्हती. घरमालकीण बाई उपकेंद्राकडे धावत गेली आणि परत येऊन मोडक्या हिंदीत म्हणाली, सिस्टर दुसऱ्या वस्तीवर लस द्यायला गेलीय. गावातल्या गाड्या? दोन होत्या, एक बिघडलेली, दुसरी सकाळीच लेहकडे गेली. कुणाची? गोम्पातल्या म्हाताऱ्या लामांची, त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. म्हणजे जी एक गाडी खाली जाणार होती ती आमच्या दारावरून निघून गेलेली.

मी अंगणात येऊन उभा राहिलो. समोर एवढं मोठं आकाश, एवढा मोठा तलाव, आणि माझ्या हातात काही नाही. स्टेअरिंग नाही, गाडी नाही, फोन नाही. घाटात ब्रेक निकामी झाले तर काय करायचं हे मला ठाऊक आहे. इथे काय करायचं हे ठाऊक नव्हतं. मी आत आलो, हिच्या मागे बसून तिला छातीशी टेकवून धरलं आणि त्रिशरण म्हणायला लागलो, बुद्धं शरणं गच्छामि. मोठ्याने. विहारात मी ते इतकी वर्षं सगळ्यांबरोबर म्हणत आलो होतो, पण सगळ्यांबरोबर म्हणताना आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या दिवशी तो ऐकू आला, आणि त्यातला "शरण" हा शब्द कुठेतरी आत जाऊन लागला. मी काही मागितलं नाही. मागायचं कुणाकडे हेही मला कळत नव्हतं. फक्त एवढं जाणवलं की आता हे माझ्याच्याने होणार नाही. आणि ते मान्य केल्यावर मी तिला आणखी नीट सावरून धरलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला.

डिझेलची गाडी होती, पिकअप, मागे लोकरीची पोती लादलेली. पुढे ड्रायव्हरशेजारी एक वृद्ध लामा बसलेले, तांबडी वस्त्रं, वर जाड जॅकेट, नाकाला ऑक्सिजनची नळी आणि पायांशी सिलिंडर. ते दारात उतरले नाहीत. गाडी चालवणारा त्यांचा पुतण्या स्तानझिन, चाळिशीचा माणूस, उतरून घरमालकीण बाईला हाक मारत आत आला. बाईची मुलगी लेहला कॉलेजात शिकते. तिच्यासाठी सत्तू, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, आणि सुकवलेलं चीज न्यायचं लामाजींनी कबूल केलेलं, ते विसरून ते पुढे गेले होते. बरेच लांब गेल्यावर आठवण झाली आणि परत फिरले. सत्तूच्या पुडीसाठी.

बाईने त्याला आमच्या खोलीत ओढूनच आणलं. त्याने सुनंदाकडे एकदा पाहिलं आणि बाहेर जाऊन लडाखीत लामाजींना काहीतरी सांगितलं. मग लामाजी स्वतः आले, हळूहळू, एका हाताने भिंत धरत, दुसऱ्या हाताने नळी सावरत. त्यांचाही चेहरा निळसर काळवंडलेला. वर्षानुवर्षं उंचीवर राहून काही जणांचं रक्त दाट होतं, त्यांना तोच आजार होता, हे मला पुढे समजलं. ते सुनंदासमोर वाकले, तिची नखं पाहिली, आणि हिंदीत म्हणाले, "इनको नीचे जाना है. अभी."

मग त्यांनी आपल्या नाकातली नळी काढली, ती पुसली आणि सुनंदाच्या नाकाला लावली.

गाडीत पुढे ड्रायव्हर सोडून दोघांचीच जागा. मी म्हणालो, "लामाजी, तुम्ही आणि ही पुढे बसा. मी मागे पोत्यांवर बसतो."

"इनको पकड़ेगा कौन?" ते म्हणाले. "मैं? मुझे तो खुद पकड़ना पड़ता है."

"मग सिलिंडर तरी… तुम्हाला लागतो ना तो?"

त्यांनी मान हलवली. "मेरी साँस इधर की है. इसको यहाँ की आदत है. इनकी नहीं है." आणि ते घराच्या पायरीवर जाऊन बसले. जसं काही त्यांना तिथेच उतरायचं होतं.

मी नाही म्हटलं नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. दुसऱ्याच्या तोंडचा श्वास मी घेतला आणि आभाराचा शब्दही न बोलता हिला उचलून गाडीत बसवलं. आयुष्यभर मी देणारा होतो, नेणारा होतो. घेण्याची सवय नव्हती. त्या क्षणी घेण्यावाचून दुसरं काही नव्हतं, आणि ते इतकं सोपं झालं की माझं मलाच नवल वाटलं. गाडी वळताना मागे पाहिलं. लामाजी पायरीवर बसून माळ ओढत होते आणि घरमालकीण बाई त्यांच्या खांद्यावर गोधडी घालत होती.

मी मध्ये बसलेलो, सुनंदा खिडकीशी, माझ्या खांद्यावर टेकून. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्याशी. स्तानझिन चांगला चालवत होता, पण ड्रायव्हरला दुसऱ्याचं चांगलं चालवणंही बघवत नाही. प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता. शेवटी तो हसून म्हणाला, "चाचा, ब्रेक मेरे पास है. आप चाचीजी को देखो." मी पाय मागे घेतला. पुढचा रस्ता मी पाहिलाच नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी एका घाटातून रस्त्याकडे न बघता गेलो. मी फक्त सुनंदाच्या ओठांकडे पाहत होतो.

रस्ता खाली उतरत होता. सिंधू नदी लागली, मग नदीच्या कडेकडेने आणखी खाली. ओठांचा जांभळा रंग हळूहळू कमी होऊ लागला. मला आधी वाटलं, उन्हाचा खेळ असेल. मग तिने डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "ते कुठे बसले?" तिचं सगळं लक्ष होतं. मी सांगितलं, पायरीवर. ती पुन्हा डोळे मिटून घेऊन म्हणाली, "त्यांना थंडी वाजेल." तेव्हा मला पहिल्यांदा खात्री वाटली की ही वाचणार.

लेहच्या दवाखान्यात तिला लगेच मोठ्या सिलिंडरवर घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावून सांगितलं. विरळ हवेत शरीर भराभर श्वास घेतं. त्यामुळे आतला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, आणि झोपेत मेंदूला वाटतं की आता श्वासाची घाई नाही. तो थांबतो. मग ऑक्सिजन कमी पडला की दचकून पुन्हा सुरू होतो. ते भीतिदायक दिसतं, झोप मोडते, पण सहसा त्याने जीव जात नाही. जीव जातो तो फुप्फुसात पाणी साचल्याने. त्याची खूण म्हणजे खोकला, उतारावरही लागणारा दम, बसल्या जागी धाप. "काका, तुम्ही ज्याला घाबरलात ते साधं होतं. ज्याला साधं समजलात ते हे होतं," त्या म्हणाल्या. "आणि याचं खरं औषध एकच, खाली उतरणं. तुम्ही वेळेत उतरलात."

मी म्हणालो, "आम्ही नाही उतरलो. दुसरंच कुणीतरी उतरलं, म्हणून आम्ही इथवर आलो."

लेहला पोचलो त्या रात्री सुनंदा झोपली, पण मला चैन नव्हतं. तिचा श्वास चालू होता तो कुणाचा तरी उसना होता. लामाजींना काही झालं तर? त्याच संध्याकाळी स्तानझिन भरलेला सिलिंडर घेऊन परत वर निघाला होता, पण रस्ता लांबचा. मी दवाखान्याच्या दारात जाऊन पुन्हा पुन्हा रस्ता बघत होतो.

लामाजी दुसऱ्या दिवशी दुपारी आले, आणि आले ते आमच्याच टेम्पो ट्रॅव्हलरमधून. संध्याकाळी स्तूप पाहून मंडळी परत आली तेव्हा बाईने त्यांना सगळं सांगितलं. गाडीत आमच्या दोन जागा रिकाम्या होत्या. मोरे सरांनी लामाजींना एका सीटवर बसवलं, दुसऱ्या सीटवर त्यांचे पाय ठेवले, पहाटेच सगळे निघाले. रात्री वाटेतच मुक्काम केलेला स्तानझिन भेटला, त्याने रस्त्यातच सिलिंडर लावला. आमच्या कल्याणच्या एक आत्याबाई आहेत, त्यांनी लामाजींना सगळा रस्ता शेवेचे लाडू भरवले म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच सुनावलं. ते लहान मुलासारखे ऐकून घेत होते. त्यांचं दाट झालेलं रक्त थोडं काढावं लागणार होतं, त्यासाठीच ते आलेले. ते झाल्यावर त्यांना सुनंदाच्याच वॉर्डाशेजारी ठेवलं. सुनंदा अजून अशक्त होती, तरी मला धरून उठली आणि त्यांच्या पलंगापाशी जाऊन वाकायला लागली. त्यांनी तिचे हात वरच्या वर धरले आणि विचारलं, "नींद आयी?"

सुनंदा हो म्हणाली आणि रडायला लागली. तिला मी रडताना फारसं पाहिलेलं नाही.

मी विचारलं, "लामाजी, तुम्ही परत कसे फिरलात?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्या मनात काहीतरी मोठं उत्तर तयार होत होतं, आणि बहुधा ते ऐकायलाही मी तयार होतो.

"पार्सल भूल गया था," ते म्हणाले आणि हसले. मग थोडं थांबून, दम घेऊन म्हणाले, "मैं रोज़ सुबह प्रार्थना करता हूँ, सब प्राणी सुखी हों. इतने साल मुँह से किया. एक दिन हाथ से करना पड़ा. बस."

मी त्यांच्या पायांशी बसलो. मला कुणापुढे वाकायची सवय नाही, पण त्या दिवशी वाकलेलं मला कळलंही नाही.

आम्ही ठाण्याला परत आलो. मुंबईत विमान उतरलं, दार उघडलं आणि ती दमट, खारट, जाड हवा अंगावर आली. सुनंदा पायरीवर क्षणभर थांबली आणि तिने ती हवा पोटभर आत घेतली. मागची माणसं खोळंबली. मी त्यांना हाताने थांबवलं. प्रज्ञा बाहेर उभी होती. आईला मिठी मारून झाल्यावर ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हणालो, "तू सांगितलेलंस ते सगळं खरं होतं." तिने माझ्या हातातली बॅग घेतली. मी ती घेऊ दिली.

गोष्ट इथे संपली असती. पण थंडी सुरू झाल्यावर स्तानझिनचा फोन आला. डॉक्टरांनी लामाजींना सांगितलं होतं की हिवाळा खाली काढा, तुमच्या रक्ताला खालच्या हवेनेच आराम पडेल. ते बोधगयेला आले होते. तिथून थोडे दिवस आमच्याकडे यायचं म्हणत होते. चालेल का, असं त्याने विचारलं. सुनंदाने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊ, गाडी कोणती ते फक्त सांगा."

आम्ही त्यांना कल्याण स्टेशनवर उतरवून घेतलं. कोपरीतलं आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. मी त्यांचा हात धरायला पुढे झालो तर ते म्हणाले, "रुको, देखता हूँ." आणि एकेक पायरी करत, न थांबता, वर गेले. वर पोचल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला, जणू काही आत कोण आहे ते चाचपून पाहत होते, आणि म्हणाले, "यहाँ हवा मोटी है." आम्ही सगळे हसलो. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो निळसरपणा गेला होता.

मला लोक विचारतात, तुम्ही आता चमत्कार मानता का? नाही मानत. पण शरण या शब्दाचा अर्थ मला आता कळतो असं वाटतं. मी समजायचो, शरण जाणं म्हणजे हरणं. तसं नाही. शरण म्हणजे आसरा. तो आसरा कुणाच्या रूपाने येईल, कशासाठी वळून येईल, हे आपल्याला ठरवता येत नाही. आपण फक्त मूठ उघडी ठेवायची, म्हणजे दिलेलं घेता येतं. आणि आपल्या पाळीला, कुणी न सांगता, गाडीतून उतरता आलं पाहिजे. एवढं झालं तरी मी धन्य समजेन.

पहिल्याच दिवशी वरणभात जेवून लामाजी बाहेरच्या खोलीत जरा टेकले आणि तिथेच झोपले. गॅलरीत ऊन होतं, खाली भाजीवाला ओरडत होता, शेजारच्या मुलांचा क्रिकेटचा दंगा चाललेला. सुनंदा गॅलरीत गेली आणि तोंडावर बोट ठेवून तिने सगळ्यांना गप्प केलं. भाजीवाल्यालाही. मग येऊन दाराशी बसली. बराच वेळ आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहत होतो. श्वास आत येत होता, बाहेर जात होता, एकसारखा, कुठेही न अडखळता. दिवेलागणीला ते जागे झाले, छताकडे बघत थोडा वेळ पडून राहिले आणि म्हणाले, इतकी झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नव्हती.